कल

शिडी भिंतीला लावताना आण्णा म्हणायचा,
चार हात उंचीला एक हात पाय मागं.
याहून उभी केली तर उलटते,
पसरली तर घसरते.
मी खालच्या पायरीवर पाय रोवून,
नववीतली, हातात निळ्या रंगाचा डबा.

निपाणीत, तंबाखूच्या वखारीसमोर
पट्टणशेट्टी डॉक्टरीणबाईंची नवी भिंत.
कन्नड आधी: प्रत्येक अक्षराला आपापला फेटा.
मग इंग्रजी, उजवीकडं कललेलं,
वाऱ्यात सायकल हाणल्यागत.
मराठी शेवटी. एकाच रेघेला सगळी लोंबकळलेली.
हिला तिरकी काढू नये म्हणायचा,
रेघ सुटते.

क्लिनि झालं होतं.
क चा दांडा वरून खाली येत होता
आणि वखारीचं दार उघडलं.

तो खाट.
नाकात मिरची उतरवणारा,
ज्यात आमचं गाव जन्मभर श्वास घेतं.
मी शिंकले. एकदाच.
पाय उचलला गेला.

शिडीचा पाय मागं सरकला,
आण्णा तिच्याबरोबर, ब्रश आण्णाबरोबर,
आणि क चा दांडा
तिरका, थेट गटारीपर्यंत.

ती खाट.
लोखंडी, गादीवरचं प्लास्टिकही न काढलेली.
बाईंचा पहिला पेशंट माझा बाप.
खुब्याचं हाड.
कंपौंडर चिंधी घेऊन भिंत पुसायला निघाला
तशा बाई आतूनच म्हणाल्या,
इरली बिड्री.

आता मी इंग्रजी शिकवते.
लीन फळ्यावर लिहिला,
हुक्केरीकरांचा प्रज्योत उठला:
बाई, लीन म्हणजे देवापुढं होतात तसं?
नाही रे. तो लीन आपला, चिकटलेला, विरघळलेला.
हा त्यांचा, कललेला, टेकलेला.
अजून एक आहे त्यांचाच, रोडका.
स्पेलिंग तेच, भावकी वेगळी.

शेजारच्या वर्गावरच्या गंगव्वा मॅडम म्हणाल्या,
आमच्यात वालु.
आणि तुमचा कल?
आमचा कल, म्हटलं,
मतमोजणीच्या सकाळी टीव्हीवर असतो.
दोघी हसलो. मग कुणीच काही बोललं नाही.
त्यांच्यात कल्लु म्हणजे दगड,
कलि म्हणजे शीक.

रात्री जाडा कोश काढला.
फार मागं, हद्दी सोडा, गावंही नसतील तेव्हा,
एक धातू. कलणं, टेकणं.
त्याच्यापासून इंग्रजांची शिडी.
त्याच्यापासून ग्रीकांची खाट, रोगी जिच्यावर कलतो,
आणि खाटेवरून क्लिनिक.
आणि आपल्याकडं श्रि.
आश्रय.

पान मिटलं. परत उघडलं.
शिडी, खाट, आश्रय,
तिन्ही मी एका दुपारी बघितलेले.
सख्खे आहेत, हे कुणी सांगितलं नव्हतं.
स्लँट मात्र दुसऱ्या घरचा,
त्याच्या मुळाशी घसरणं.
शिंकेचं मूळ मी शोधलं नाही.

आण्णा आता उजवीकडं कलून चालतो,
त्याच्याच इंग्रजी अक्षरागत.
भिंतीवर तीनदा चुना बसला,
नाव आता फ्लेक्सवर.
पण सांजच्याला उन्हं तिरकी झाली
की चुन्याखालून निळी रेघ वर येते,
बोट लावून दाखवण्याइतकी.

तिथंच थांबून सांगितलं त्याला सगळं,
धातू, ग्रीक, श्रि.
ऐकून घेतलं.
गटारीकडं बघितलं थोडा वेळ.
मग माझ्या खांद्यावरचा हात जरा सावरून म्हणाला,
चार हाताला एक हात.
तू लई लांबनं चालायलीस.
जवळ ये.